शाल-श्रीफळ कुणाला? मिरजेच्या एका यादीवरून जुंपलेली चर्चा

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, मदत हवी आहे. नुसतं "स्तुत्य उपक्रम" लिहून पळू नका, मत द्या.

मिरजेच्या आसपास आमचं एक लहानसं संगीत मंडळ आहे. नाव मुद्दाम देत नाही, बैठकीतली कुरबूर अजून गरम आहे. यंदा एक दिवसाचा कार्यक्रम करायचा घाट घातलाय. मिरजेचं गाणं ज्यांनी घडवलं त्यांचा गौरव. सकाळी तसबिरी आणि व्याख्यानं, संध्याकाळी मैफल, अधेमधे सत्कार. यादी काढायला बसलो तर पहिली नावं चहा यायच्या आत लिहून झाली. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर. अब्दुल करीम खाँसाहेब. मिरजेतच जन्मलेले हिराबाई बडोदेकर आणि विनायकबुवा पटवर्धन. कुणीतरी आठवण करून दिली की १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत बालगंधर्व पहिल्यांदा शकुंतला म्हणून उभे राहिले तेही मिरजेतच. तेही नाव घेतलं. हरकत घेणार कोण?

आमच्यात एक सतारमेकर आहेत. वर्गणी वेळेवर देतात, बैठकीत सहसा बोलत नाहीत. यादी वाचून झाल्यावर म्हणाले, "ह्यातलं तंबोऱ्याशिवाय कोण गायलं?" बस्स. आणि चहाची बशी उचलली.

मग जे जुंपलं ते विचारू नका. एक गट म्हणतो, वाद्य करणारी माणसं यादीत हवीतच, मिरज म्हटलं की बाहेरच्यांना आधी तंबोरा आठवतो. दुसरा म्हणतो, मग तबल्याला शाई भरणारा, पेटी सुरात आणणारा, मांडववाला... थांबायचं कुठे? तिसरा गट एका माणसाचा आहे, पण त्याचंच म्हणणं सगळ्यात व्यवहारी: एका घराचा सत्कार केलात की सतारमेकर गल्लीतली बाकीची घरं रुसलीच म्हणून समजा.

तर सांगा. घ्यावं का, आणि घेतलं तर कसं?

जुना_मिरजवासी

थोडं मागचं सांगतो, नाहीतर चर्चा हवेत जाईल.

तुमच्या यादीतल्या सगळ्या गवयांच्या आधी हा धंदा मिरजेत होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब आणि त्यांच्या भावाने इथे सतारी-तंबोरे करायला सुरुवात केली, असं गल्लीतले जाणते सांगतात. घराणं शिकलगारांचं. तलवारी, भाले, कट्यारी यांना धार-पाणी द्यायचं काम. १८१८ ला पेशवाई गेली, लढाया संपल्या, हत्याराला गिऱ्हाईक उरलं नाही. इकडे मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना गाण्याचा षोक. दरबारी बाहेरगावचे गवई-वादक यायचे, त्यांची वाद्यं प्रवासात बिघडायची. ती दुरुस्त करता करता हात बसला आणि दुरुस्तीवरून नव्या वाद्यावर गेला. पुढे आडनावच सतारमेकर झालं.

म्हणजे बाळकृष्णबुवा मिरजेत आले, त्यांच्यामागे शिष्य आले, नंतर खाँसाहेबांनी इथे बिऱ्हाड केलं, तेव्हा तंबोरा करणारा हात गावात आधीच तयार होता. तार तुटली, जवारी (घोडीवरून उमटणारी तारेची झणझण) बसली तर वाद्य पुण्या-मुंबईला पाठवायला नको, दोन गल्ल्या ओलांडल्या की झालं. ही सोय गवयाला किती मोठी वाटत असेल याचा विचार करा. दर्ग्याची श्रद्धा, संस्थानचा आश्रय हे सगळं खरं. पण गवई एखाद्या गावात टिकतो तो अशाही कारणांनी.

तेव्हा माझं मत: यादीत पहिलं नाव फरीदसाहेबांचं. त्यांच्यावर सगळी घरं एक होतील, रुसव्याचा प्रश्न येणार नाही.

चहा_भडंग

सत्कार या प्रकाराचाच मला कंटाळा आलाय, स्पष्ट बोलतो. गेल्या हिवाळ्यात एका गावी (आमच्या नाही) मैफलीला गेलो. मैफलीच्या आधी सत्कार. सत्कारमूर्तींच्या आधी प्रायोजकांचा, प्रायोजकांच्या आधी नगरसेवकांचा. निवेदिकेने प्रत्येकाची ओळख करून दिली, एका प्रायोजकाच्या तर दोन शाखांचे पत्तेही सांगितले. गवई बिचारा विंगेत तंबोरे लावून बसलेला, दिव्यांच्या उष्णतेने ते परत उतरले. गाणं सुरू झालं तेव्हा निम्मे लोक शेवटच्या एसटीकडे डोळे लावून होते.

तुम्हाला गौरवच करायचा असेल तर दर्ग्यातला बघा. खाँसाहेब १९३७ च्या ऑक्टोबरात गेले, मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. तेव्हापासून उरुसात चिंचेच्या झाडाखाली त्यांच्या नावाने गाणं होतं. कलाकार मानधन मागत नाहीत, हजेरी लावतात आणि उतरतात. हिराबाई गायल्या, भीमसेन जोशी गायले, गंगूबाई हनगल गायल्या. तिथे कुणी कुणाला शाल घालत बसलं म्हणून तो उरूस लोकांच्या लक्षात नाही. गा, एवढंच. बाकी सगळं फोटोसाठी.

(यात भडंगाचा काही संबंध नाही, पण जयसिंगपूरचं भडंग असेल तर मी कुठल्याही कार्यक्रमाला येतो.)

पंचमाची_तार

@चहा_भडंग, सत्काराच्या लांबीबद्दल सहमत, निष्कर्षाबद्दल नाही. गवयाचा गौरव गाऊन होतो हे बरोबर. कारागिराचा गौरव गाऊन होतो का? गाणाऱ्याचं नाव घेऊनच ते गाणं संपतं.

मी गाणं शिकते. माझ्या तंबोऱ्याची जवारी बसली म्हणून मिरजेला गेले होते, तेव्हा पहिल्यांदा समोर बसून काम पाहिलं. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, घोडी असते, पसरट, तिच्यावरून चारही तारा जातात. ती सपाट दिसते, पण सपाट नसते. पुढे अगदी किंचित उतार असतो आणि तार त्या उतारावर टेकते न टेकते अशी थरथरते. तंबोऱ्याचा तो भरलेला, झणझणता आवाज त्या थरथरीतून येतो. वाजवून वाजवून तार घोडीवर चरा पाडते, मग आवाज मिटतो. तंबोरा लागतो सुरात, पण बोलत नाही.

दुकानातल्या कारागीर चाचांनी तार बाजूला सारली. कानशीचे दोनच हात मारले, अंगठ्याने भुकटी पुसली, तार जागेवर आणून छेडली. तोंड वाकडं केलं. पुन्हा तार बाजूला, पुन्हा एकच हात. मध्येच कुणीतरी चहा घेऊन आलं, त्याला हातानेच थांबवलं. मग सुताचा दोरा तार आणि घोडीच्या मध्ये घालून केसभर पुढे, केसभर मागे सरकवत राहिले. एका जागी तो आला आणि पंचम असा उघडला की शेजारच्या दुकानातलं मशीन बंद झालं. त्या दुकानदारानेही ऐकलं होतं. चाचांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, खर्जाची तार बाजूला सारली.

हे काम मोजायला कुठलंही यंत्र नाही, कानच लागतो, आणि तो कान माझ्या गुरुजींच्या कानापेक्षा उणा नाही. मग "कला वेगळी, कसब वेगळं" हे कुठल्या तोंडाने म्हणायचं?

माझी सूचना: संध्याकाळच्या मैफलीआधी रंगमंचावरच जवारी काढायचा कार्यक्रम ठेवा. माइक लावा. लोकांना आधी बिघडलेला आणि मग लागलेला तंबोरा ऐकू द्या. हाच सत्कार.

खर्ज

वर्णन फार आवडलं. सूचना नाही आवडली.

गवयाला तुम्ही रियाज रंगमंचावर करायला लावता का? कारागिराचं काम एकांताचं आहे. माइक, दिवे, शेकडो डोळे आणि निवेदिकेचं "आता बघा हं, चाचा काय करतात ते". त्याची जत्रा होईल. कुणी तयार असेल तर उत्तम, पण "हाच तुमचा गौरव" म्हणून त्याच्यावर लादू नका.

आणि मिरजेचाच एक प्रसंग या वादाला लागू पडतो. विष्णु दिगंबर मूळचे कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, मिरजेला उपचार झाले, आणि गाणं शिकावं असं ठरल्यावर बाळकृष्णबुवांकडे राहिले. पुढे एका प्रतिष्ठित कार्यक्रमाचं आमंत्रण त्यांना आलं, बुवांना आलं नाही. का म्हणून विचारलं तर उत्तर आलं, ते काय, गवईच. चरित्रांतून सांगितला जाणारा प्रसंग आहे. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली ती गाणाऱ्याला समाजात पाट मिळवून द्यायचा हे मनाशी धरून. १९०१ च्या ५ मे रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढे मुंबईला आणलं, आणि त्यात वाद्यं तयार करायची, दुरुस्त करायची व्यवस्थाही ठेवली. हा शेवटचा भाग कुणी सांगत नाही.

ज्या गावात गवयाला "गवईच" म्हणून पंगतीबाहेर ठेवलं होतं, त्याच गावात आज गवयाच्या सत्काराच्या यादीत सतारमेकराला "कारागीरच" म्हणून बाहेर ठेवायचं? शंभर-सव्वाशे वर्षांत आपण एक पायरी चढलो आणि तिथेच पाय पसरून बसलो.

शिकाऊ_गवई

थोडा बावळट प्रश्न. आम्ही सगळे मोबाइलच्या तंबोऱ्यावर रियाज करतो. क्लासमध्येही इलेक्ट्रॉनिक पेटीतला तंबोरा असतो. मग प्रत्यक्ष तंबोऱ्याची गरज मैफलीत दिसण्यापुरतीच राहिली का? म्हणजे हा गौरव संपत चाललेल्या गोष्टीचा आहे का?

पंचमाची_तार

@शिकाऊ_गवई, बावळट नाही. रियाजाला मीही मोबाइल लावते, बसमध्ये तंबोरा घेऊन कोण फिरणार? पण महिनाभर खरा तंबोरा स्वतः लावून बघ. मोबाइल तुला सूर देतो, तंबोरा तुझ्याकडून मागतो. लावताना चूक झाली की तुलाच कळायला लागतं. चांगल्या लागलेल्या खर्जातून वरचा गांधार आपोआप ऐकू येतो, तो कुणी वाजवलेला नसतो. तो ऐकू आला की मग बोलू.

फोंड्याचा_पावणो

देव बरें करूं. गोव्यातून लिहितोय, थोडं वेगळं सांगतो.

आमच्याकडे गौरव करायला उशीर झाला, पण झाला तेव्हा जागेवर झाला. केसरबाई केरकर केरीच्या. त्यांचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या तबकडीत अंतराळात गेला हे सगळ्यांना पाठ आहे. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे की केरीत त्यांच्या नावाचं हायस्कूल आहे. रोज सकाळी पोरं दप्तर घेऊन त्या नावाखालून आत जातात. ज्या समाजातल्या बायकांना गाण्यापायी नावं ठेवली गेली, त्यांच्यातल्या एकीचं नाव पोराच्या दाखल्यावर येतं. मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी गाव साळावली धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते वर येतं आणि जुने गावकरी तिथे जाऊन येतात.

आणि साथीदार म्हणाल तर खाप्रूमामा पर्वतकर. सारंगी, तबला, आणि लयीचा असा हिशेब की हातापायांनी वेगवेगळे ताल एकाच वेळी धरायचे. खुद्द अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांना वाखाणलं, "लयभास्कर" म्हणून ते ओळखले जातात. म्हणजे मागे बसणाऱ्याचा मोठेपणा पुढे बसणाऱ्याने बोलून दाखवला की पुढचं काम सोपं होतं. मिरजेतही गवयांनीच बोलायला हवं. तुमच्या मंडळाच्या ठरावापेक्षा मैफलीत गायकाने एक वाक्य उच्चारलं तर त्याला वजन जास्त.

बाकी @चहा_भडंग, दिव्यांनी तंबोरे उतरतात ते अगदी खरें, आमच्या दमट हवेत तर दिव्यांचीही गरज नाही.

न्यूजर्सीची_मावशी

रात्री दोनला वाचतेय, उद्या ऑफिस आहे, तरी लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

माझा तंबोरा मिरजेचा, जनानी, काळी चार पट्टीचा. इथे हिवाळ्यात घराघरांत हीटर चालतात आणि हवा इतकी कोरडी होते की एका पहाटे "फट्" आवाज आला आणि तबलीला तडा. त्याआधी एका विमान कंपनीने येतानाच भोपळ्याचा एक टवका उडवला होता, तो वेगळा. इथल्या गिटार दुरुस्त करणाऱ्याने हात वर केले.

मिरजेच्या दुकानात फोन केला. व्हिडिओवर तडा दाखवला, टिचकी मारून आवाज ऐकवला. चिकटवायला कुठला सरस, किती पातळ, किती दिवस बांधून ठेवायचं, खोलीत पाण्याचं भांडं कुठे ठेवायचं, सगळं सांगितलं. नवऱ्याने त्यांच्या सांगण्यावरून केलं आणि तंबोरा वाचला. मी पैसे विचारले. त्यांनी सांगितले, अगदी नीट आकडा सांगितला, मी पाठवले. माझ्या इथल्या मैत्रिणीला वाईट वाटलं, "फोनवरच्या सल्ल्याचेही पैसे घेतले?" अगं, इथे वकिलाशी पंधरा मिनिटं बोललीस तर काय होतं?

म्हणून माझी पुरवणी. सत्कार करा, पण त्याआधी मंडळाच्या सभासदांनी दुकानात घासाघीस करणं बंद करा. कॅमेऱ्याला लाखभर देताना तोंडातून शब्द निघत नाही आणि वर्षानुवर्षं टिकणाऱ्या तंबोऱ्याच्या दुरुस्तीत आपण शंभर रुपये कमी करून घेतो आणि वर घरी सांगतो.

चहा_भडंग

@न्यूजर्सीची_मावशी, शेवटचं वाक्य वाचून इथे बरेच जण गप्प बसतील. मी आधीच बसलो.

सतारगल्ली

वाचतोय दोन दिवस. मोबाइलवरून लिहितो, शुद्धलेखन सांभाळून घ्या. मी त्याच गल्लीतला. आजोबा, वडील, चुलते सगळे ह्याच कामात. मी अर्धा ह्यात, अर्धा नोकरीत.

पहिलं, सगळ्यांचे आभार. दुसरं, शाली खरंच पुष्कळ आहेत. घरात आईने त्यांच्या रजया शिवल्यात. श्रीफळाची बर्फी होते. मानपत्राच्या चौकटीवर दरवर्षी नवीन खिळा लागतो. चेष्टा करत नाही, वडिलांना ते आवडतं, पाहुणे आले की दाखवतात. पण कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी काय बदलतं?

२०२४ च्या मार्चमध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगली गोष्ट. दुसरीकडची वाद्यं "मिरजेची" म्हणून खपवतात, त्याला आडकाठी आली. पण मानांकनावर नाव गावाचं आहे. माणसाचं नाव कुठे येतं? तंबोऱ्याच्या पट्टीवर दुकानाचं नाव येतं. आत दांडी कुणी कोरली, नक्षीची पानं कुणी बसवली, पॉलिश कुणी केलं, जवारी कुणाच्या हातची, हे गल्लीतल्यालाच माहीत. एका तंबोऱ्यात चार-पाच हात असतात आणि सगळे एका घरचे नसतात. आणि भोपळा? तो मंगळवेढा-पंढरपूरकडच्या शेतकऱ्याचा. कडू भोपळा, खायच्या उपयोगाचा नाही. वेलावर पूर्ण वाढू द्यायचा, मग महिनोन्महिने वाळवायचा, तोवर पैसा अडकलेला. त्याच रानात ऊस लावला तर कारखाना दारात येतो. तरी काही घरं लावतात. भोपळा चांगला नसेल तर आमची कारागिरी काय कामाची?

आता मिरजेतलीच एक गोष्ट सांगतो. आमच्या उरुसात चर्मकार समाजाचा मानाचा गलेफ (मजारीवर चढवायची चादर) असतो. तो त्यांचाच. दरवर्षी. त्यासाठी समिती बसत नाही, निवेदिका लागत नाही, यंदा कुणाला घ्यायचं ह्यावर मतदान होत नाही. ठरलेली जागा आहे आणि ती कुणी काढून घेऊ शकत नाही. मला विचाराल तर आम्हाला तसलं काहीतरी पाहिजे. एका वर्षाचा सत्कार नको.

साधं आहे. तुमच्या पत्रिकेवर "तबला अमुक, हार्मोनियम अमुक, तंबोरा साथ अमुक" छापता. त्याखाली एक ओळ टाका, "तंबोरे: अमुक, जवारी: अमुक". ह्याच वर्षी नाही, प्रत्येक मैफलीला. निवेदनातही तेच. माझ्या पोराने पत्रिकेवर आजोबांचं नाव वाचलं तर तो कदाचित दुकानात तासभर जास्त बसेल. कदाचित. हमी देत नाही, तो क्रिकेटवाला आहे.

@पंचमाची_तार, तुम्ही ज्यांच्याकडे गेलात ते कोण असतील ते मला वर्णनावरून कळलं. चहा हाताने थांबवला म्हणजे तेच.

खर्ज

@सतारगल्ली, ही ओळ कुठल्याही ठरावापेक्षा भारी. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

एक शंका. पाहुणा गवई स्वतःचे तंबोरे घेऊन आला आणि ते मिरजेचे नसतील तर?

सतारगल्ली

मग ज्याचे असतील त्याचं नाव छापा. कोलकात्याचा असू दे, लखनौचा असू दे. तो पण कुणाच्या तरी हातचाच आहे. गवयाला आधी विचारून ठेवा. बऱ्याच जणांना कारागिराचं नाव तोंडपाठ असतं. नसलं तर ते आम्हाला कळलं, तेही बरंच.

जुना_मिरजवासी

उत्तम. माझा फरीदसाहेबांचा आग्रह मात्र कायम आहे, हे काम इथे सुरू करणारा पहिला माणूस म्हणून तसबिरीच्या रांगेत त्यांचं नाव हवंच.

अब्दुल करीम खाँसाहेबांबद्दल एक भर घालतो. त्यांना वाद्यदुरुस्तीची स्वतःला जाण होती, तंबोरा लावण्याबद्दल ते किती काटेकोर होते हे त्यांच्या शिष्यांनी सांगून ठेवलंय. २७ ऑक्टोबर १९३७ ला मद्रासकडून पाँडिचेरीला निघाले असताना वाटेत अस्वस्थ वाटलं म्हणून सिंगपेरुमलकोइल नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरले. तिथे फलाटावर तंबोरे लावायला सांगितले आणि दरबारीत गात देह ठेवला, अशी आठवण सांगतात. व्याख्यात्यांना सांगा, ही गोष्ट सांगताना "तंबोरे लावायला सांगितले" हे वाक्य गिळू नका. एरवी सगळे थेट दरबारीवर उडी मारतात.

अवांतर: कुणीतरी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, श्रुतींवर, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांवर, काम करणारे देवल आणि कोल्हापूरचा देवल क्लब एकच का. नाही. श्रुतींवाले कृष्णाजी बल्लाळ देवल सांगलीचे, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, खाँसाहेबांना सोबत घेऊन श्रुती मोजल्या. क्लबचे देवल वेगळे. हेही नाव यादीत घ्यायला हरकत नाही. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर इतकं सरळ काम करणारा माणूस तसाही गौरवाला पात्र आहे.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

काल बैठक झाली. धाग्याच्या छापील प्रती नेल्या होत्या, त्याचा उपयोग झाला. मावशींचा घासाघीशीवाला परिच्छेद मोठ्याने वाचला गेला, त्यानंतर खजिनदार बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते.

ठरलं ते असं. सकाळच्या प्रदर्शनात तसबिरींच्या रांगेत फरीदसाहेबांचं नाव पहिलं. शेजारी टेबलावर न कापलेला भोपळा, कापलेला भोपळा, कोरायला घेतलेली दांडी, चरे पडलेल्या जुन्या घोड्या, कानशी, सुताचा दोरा. लोकांनी हात लावावा म्हणून, काचेत नाही. जवारीचा प्रयोग रंगमंचावर नाही. प्रदर्शनाच्या खोलीत चाचा आपल्या वेळेला बसतील, ज्याला पाहायचं त्याने जमिनीवर बसून पाहावं, माइक नाही. हे त्यांना विचारूनच ठरवलं. त्यांची अट एकच, "मधे प्रश्न विचारायचे नाहीत."

भोपळेवाल्या एका शेतकरी कुटुंबाला बोलावतोय. एक जण म्हणाला, उद्या वेलाचाही सत्कार करा. हसले सगळे, पण ठराव मंजूर झाला.

शाली रद्द. व्यक्तीचे सत्कारच रद्द, त्यामुळे रुसव्याचा प्रश्नही मिटला. प्रायोजकांची नावं फलकावर राहतील, मंचावर कुणी चढणार नाही. यावर एक प्रायोजक गळाला. गळू दे.

आणि पत्रिकेवरची ओळ. ही मात्र सहज मान्य झाली नाही. एका जुन्या सभासदांचं म्हणणं, पत्रिकेत जागा नाही. दुसरे म्हणाले, पाहुण्या कलाकाराला आवडेल की नाही. शेवटी या वेळच्या गायिकेलाच फोन लावला, स्पीकरवर. त्या म्हणाल्या, "माझे दोन्ही तंबोरे मिरजेचेच आहेत, पण एकाच दुकानातले नाहीत. दोन्ही नावं घालणार ना?" दोन्ही घालतोय. पुढच्या मैफलींनाही ही ओळ राहील असं मंडळाच्या वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. वहीतलं पान फाडणारा आमच्यात कुणी नाही, निदान अजून तरी.

आता अडलंय ते अक्षराच्या आकारावर. तबलजींच्या नावाएवढं मोठं अक्षर घ्यावं की बारीक? मुद्रक उद्या सकाळी मजकूर मागतोय.

पंचमाची_तार

तबलजींएवढंच. हा काय प्रश्न झाला?

शिकाऊ_गवई

+१. आणि प्रदर्शनाला क्लासची सगळी बॅच आली तर चालेल का? आम्ही प्रश्न विचारणार नाही. बहुतेक.

फोंड्याचा_पावणो

मडगावहून मिरजेला गाडी आहे, मी येतो. आमच्या कार्यक्रमांतही ही ओळ घालायला सांगतो, पत्रिकेची एक प्रत राखून ठेवा.

सतारगल्ली

बारीक अक्षर चालेल, नाव बरोबर छापा म्हणजे झालं. एकदा "सितारमेकर" छापलं होतं. मजकूर मुद्रकाकडे जायच्या आधी मला पाठवा, मी सकाळी सातला उठतो.

चहा_भडंग

म्हणजे भाषणं नाहीत, शाली नाहीत, नगरसेवक नाहीत. मी पहिल्या रांगेत. भडंगाचं काय ठरलं ते कुणी बोललंच नाही.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

@सतारगल्ली, मजकूर व्यनि केलाय. @चहा_भडंग, गळालेला प्रायोजक भडंगवालाच होता. येताना घेऊन ये.